काशीच्या घाटावरची बुडी आणि पाण्यातले जंतू

‘गंगेचे पाणी कधी किडत नाही’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या ऐकू येते. दिवाळी आटोपली, हवा कोरडी झाली, की काशीयात्रेच्या सहली निघू लागतात आणि हे वाक्यही पुन्हा बाहेर येते. या सहलींतली बरीच मंडळी साठी-सत्तरीची असतात. कोणाला रक्तदाब, कोणाला मधुमेह, कोणाचा गुडघा दुखरा. पहिल्याच पहाटे सगळे दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उतरतात. तिथे दोन तट पडतात. एक तट ओंजळ भरून पाणी थेट तोंडाला लावतो. दुसरा नाकाला पदर लावून चार थेंब अंगावर शिंपडतो आणि मागे फिरतो. गंमत अशी, की दोघेही विज्ञानाचा हवाला देतात. पहिल्याला कुठेतरी वाचलेले असते, की गंगेत जंतू मारणारे विषाणू असल्याचे इंग्रजांच्या काळातच सिद्ध झाले आहे. दुसऱ्याला प्रदूषणाचे आकडे तोंडपाठ असतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ते नेमके कुठपर्यंत, हे पायऱ्या उतरण्याआधी समजून घेतले तर आजारपण टळू शकते.

काशीचे घाट आणि मराठी माणूस यांचे नाते नुसते यात्रेकरूचे नाही. असी ते आदिकेशव या सुमारे सहा-सात किलोमीटरच्या काठावर चौऱ्याऐंशी घाट मोजले जातात आणि त्यांतले कितीतरी मराठी पैशातून उभे राहिले. दशाश्वमेध घाटाचे पक्के बांधकाम अठराव्या शतकात पेशव्यांनी आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी केले. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट शेजारीच आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत आजही मराठी आडनावे भेटतात. शिंदे घाटालगत रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका बाजूला कललेले दिसते. पर्यटक तिथे फोटो काढतात. अभियंत्याला मात्र त्यात नदीकाठच्या जमिनीचा स्वभाव दिसतो. गाळाच्या थरांवर दगडी ओझे ठेवले, की ते कधी ना कधी खचते.

नदी इथे वळते

हिमालयातून पूर्वेकडे जाणारी गंगा काशीत उत्तरेकडे वळते. म्हणून ती ‘उत्तरवाहिनी’ आणि म्हणून इथले स्नान विशेष पुण्याचे, असे मानतात. या वळणाचा एक भौतिक परिणाम प्रत्येक स्नान करणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. नदी वळण घेते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाह जोरात घासतो, तळ खरवडतो आणि पात्र खोल करतो. आतल्या काठावर वेग कमी होतो आणि वाळू साठते. काशी बाहेरच्या, म्हणजे पश्चिमेच्या उंच काठावर वसलेली आहे. समोर पूर्वेला दिसते ती वाळूची लांबलचक पट्टी. म्हणजेच घाटाच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात तिथेच नदी खोल आहे. चार पायऱ्या कमरेइतक्या पाण्यात आणि पाचवी नाहीच, असे इथे होऊ शकते. पायऱ्यांवर शेवाळ आणि चिकट गाळ असतो. घाटांवर साखळ्या, अडथळे आणि जलपोलिसांची व्यवस्था असते ती याच कारणाने. जंतूंची चर्चा करताना हे विसरून चालणार नाही : पाण्यातल्या जिवाणूने आजारी पडायला काही दिवस लागतात, घसरून बुडायला दोन मिनिटे पुरतात.

पावसाळ्यात तर पायऱ्याच दिसत नाहीत. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पाणी वाढले की घाटाघाटांना जोडणारी वाट तुटते, संध्याकाळची आरती गच्चीवर हलवावी लागते आणि पूर ओसरल्यावर पंपांनी फवारे मारून पायऱ्यांवरचा गाळ धुवावा लागतो.

हॅन्किन साहेबांचा प्रयोग

गंगाजल जंतू मारते, या समजाच्या मागे एक खरा प्रयोग आहे. अर्नेस्ट हॅन्किन हे ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ आग्र्याला सरकारी रसायन-परीक्षक होते. मोठे चौकस गृहस्थ : पुढे त्यांनी आकाशात तरंगणाऱ्या गिधाडांच्या उड्डाणावर आणि मुघल इमारतींवरच्या भौमितिक नक्षीवरही लिखाण केले. त्या काळी पटकीची साथ नदीच्या पाण्यातून खालच्या गावांत उतरते, असा डॉक्टरांचा कयास होता. हॅन्किन यांनी गंगेचे आणि यमुनेचे पाणी घेतले, बारीक गाळणीतून गाळले, त्यात पटकीचे जिवाणू सोडले आणि मोजत बसले. तीन तासांच्या आत जिवाणू मेले. तेच पाणी उघड्या भांड्यात उकळून घेतले, तर जिवाणू दोन दिवसांनंतरही जिवंत होते. हा निबंध १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापून आला.

त्याच वर्षी मार्क ट्वेन हिंदुस्थानात व्याख्यानांसाठी फिरत होते. काशी पाहून ते आग्र्याला गेले आणि ही हकीकत त्यांच्या कानी पडली. १८९७ च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्यांनी ती रंगवून सांगितली आहे : काशीत घाटाजवळ गटार जिथे नदीत पडते तिथलेच पाणी घेतले, त्यात लाखो जंतू होते, सहा तासांनी सगळे मेलेले. जगभर पसरली ती ही आवृत्ती. मूळ निबंध फार थोड्यांनी वाचला.

पुढे १९१५ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि १९१७ मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स डेरेल यांना जिवाणूंना खाणारे विषाणू सापडले. डेरेल यांनी त्यांना ‘बॅक्टेरिओफेज’ म्हटले. आज नुसते ‘फेज’ म्हणतात. मग मागे वळून पाहताना अनेकांनी ठरवून टाकले, की हॅन्किन यांना गंगेत दिसले ते हेच फेज. पाठ्यपुस्तकांतही तसे आले. फेज उकळल्यावर मरतात, म्हणून हिशेब जुळतोही. पण निबंधात आणखी एक निरीक्षण आहे. नदीचे पाणी काचेच्या नळीत हवाबंद करून तापवले, तर त्याची जंतू मारण्याची ताकद टिकून राहत होती. फेज असते तर बंद नळीतही मेले असते. हॅन्किन यांचा स्वतःचा अंदाज पाण्यात काहीतरी उडून जाणारे रसायन असावे, असा होता. २०११ मध्ये काही संशोधकांनी या निबंधाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर करून नेमका हाच मुद्दा मांडला : हा फेजचा पुरावा म्हणता येणार नाही.

याचा अर्थ गंगेत फेज नाहीत असा नाही. भरपूर आहेत. मात्र फेज तिथेच वाढतात जिथे त्यांचे खाद्य, म्हणजे जिवाणू, मुबलक असते. फेजवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला नवा फेज हवा असेल, तर ती पहिला नमुना मैलापाण्याच्या नाल्यातून आणते. माणसाच्या आतड्यातल्या ‘ई. कोलाय’ जिवाणूंवर जगणारे फेज पाण्यात किती आहेत, हे मोजून पाण्यात मैला किती मिसळला, याचा अंदाजही बांधला जातो. म्हणजे पाण्यात फेज आहेत म्हणून ते शुद्ध, हा तर्क उलटा आहे. शिवाय फेज अतिशय निवडक असतो. पटकीच्या एका वाणाचा फेज दुसऱ्या वाणाला शिवणारही नाही. कावीळ करणारे विषाणू, रोटाव्हायरस, जिआर्डियासारखे परजीवी यांच्यापुढे तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण फेज फक्त जिवाणूंवर वाढतो.

गंगेच्या बाजूने दुसराही एक युक्तिवाद केला जातो आणि तो अधिक भक्कम आहे. रूरकीचे प्राध्यापक डी. एस. भार्गव यांनी अभ्यासाअंती मांडले, की सेंद्रिय घाण संपवण्याचा गंगेचा वेग इतर नद्यांपेक्षा बराच जास्त आहे. नदीत घाण पडली की जिवाणू ती खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. प्राणवायू पुन्हा भरून निघाला तर नदी जिवंत राहते, नाही तर ती काळी पडते आणि सडका वास मारते. मुख्य पात्रात पाण्याचा साठा मोठा आहे. तिथे प्राणवायू बऱ्यापैकी टिकून असतो, म्हणूनच एवढे सगळे सोसूनही काशीची गंगा नाल्यासारखी दिसत नाही. पण प्राणवायू चांगला असणे आणि रोगजंतू नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात काविळीचा विषाणू आरामात तरंगत राहतो. नदी नितळ दिसते म्हणून ओंजळ तोंडाला लावणाऱ्याची गफलत होते ती इथेच.

२५०० म्हणजे काय?

स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेले निकष आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सामू ६.५ ते ८.५. आणि विष्ठेतून येणारे ‘फीकल कोलिफॉर्म’ जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असले तर उत्तम, २५०० ही कमाल मर्यादा. हे जिवाणू स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात. पण ते उबदार रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातूनच येतात, म्हणून ते दिसले की त्यांच्याबरोबर विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतूही आले असण्याची शक्यता धरायची. दारात चपला दिसल्या की घरात माणसे आहेत असे समजतो, तसेच हे.

हे जिवाणू एकेक करून मोजत नाहीत. पाण्याचे वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ केलेले नमुने परीक्षानळ्यांतल्या पोषक द्रवात घालतात, साडेचव्वेचाळीस अंशांवर उबवतात आणि किती नळ्यांत वायू तयार झाला त्यावरून गणिताने ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ काढतात. या चाचणीला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे आजचा आकडा आजच्या पाण्याचा कधीच नसतो. तो कालपरवाच्या एका बाटलीचा असतो आणि ती बाटली काठावर भरली की मधोमध, नाल्याच्या वर की खाली, पहाटे की दुपारी, यावर तो दहापट-शंभरपट बदलू शकतो. काशीतल्याच एका नाल्याच्या मुखाशी हा आकडा कोटींच्या घरात मोजला गेलेला आहे, तर मुख्य प्रवाहात तो त्याच्या कितीतरी खाली असतो. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजला हाच घोळ झाला. आधी मंडळाच्या अहवालात पाणी अनेकदा निकषात बसत नसल्याचे आले, मग सांख्यिकी विश्लेषण करून ते एकंदरीत स्नानायोग्य असल्याचे सांगितले गेले. लोकांना एक तरी खोटे असणार असे वाटले. पण नदीचा स्वभावच असा, की मधला आकडा समाधानकारक असताना एखाद्या सकाळचा, एखाद्या घाटाचा आकडा भयंकर असू शकतो. आणि स्नान करणारा माणूस ‘सरासरी’ पाण्यात उतरत नाही, त्या सकाळच्या त्या पायरीवरच्या पाण्यात उतरतो.

आता हेच ओंजळीत मोजून पाहू. आचमनासाठी उडदाचा दाणा बुडेल एवढेच पाणी घ्यावे असा जुना दंडक आहे. म्हणजे तीन वेळचे मिळून पाच मिलिलिटर धरू. पाणी बरोबर २५०० च्या मर्यादेवर असेल, तर त्यात सव्वाशे कोलिफॉर्म आले. पाणी दहापट वाईट असेल तर साडेबाराशे. पूर्ण ओंजळ प्यायली तर त्याच्याही कितीतरी पट. न पिताही पाणी पोटात जाते. पोहण्याच्या तलावांत केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाऊण तासात प्रौढांच्या पोटात सरासरी १६ मिलिलिटर आणि मुलांच्या पोटात ३७ मिलिलिटर पाणी गेलेले आढळले. म्हणजे पाण्यात डुंबणाऱ्या नातवाच्या पोटात आचमन करणाऱ्या आजोबांपेक्षा जास्त पाणी जाते, हे लक्षात ठेवायला हवे.

पाणी बिघडते ते कशाने?

घाटावर आलेल्या नवख्याचे लक्ष पहिल्यांदा जाते ते मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरच्या चितांकडे. त्यांची राख नदीत जाते म्हणून पाणी अपवित्र किंवा रोगट, अशी कुजबुज असते. जंतूंच्या दृष्टीने पाहिले तर चितेच्या आगीतून निघालेली राख जवळपास निर्जंतुक असते. अर्धवट जळालेले किंवा तसेच सोडलेले देह हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय म्हणून १९८०च्या दशकात नदीत मांसाहारी कासवे सोडण्याची योजनाही झाली आणि १९८९ मध्ये रामनगर ते मालवीय पूल या पट्ट्यात कासव अभयारण्य जाहीर झाले. २०२० मध्ये ते रद्द झाले. पण नदीकाठच्या शहराच्या लाखो संडासांतून रोज निघणाऱ्या मैल्याच्या तुलनेत हा वाटा किरकोळ आहे. जे डोळ्यांना खुपते ते घातक आणि जे दिसत नाही ते निर्धोक, असे मानण्याची आपली सवय इथे दगा देते.

मैलापाण्याचा प्रश्न इंग्रजांच्या आरंभीच्या काळापासूनचा आहे. १८२० मध्ये काशीच्या टांकसाळीत आलेले जेम्स प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्याबद्दल प्रसिद्ध झाले; पण या शहरासाठी त्यांनी केलेले मोठे काम म्हणजे साचलेल्या डबक्यांचे पाणी काढून नेणारा जमिनीखालचा कमानदार बोगदा. पाणी शहराबाहेर गेले, म्हणजेच नदीत गेले. पुढे दीडशे वर्षे ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ नदी असाच राहिला.

१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी काशीच्या घाटावरच गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. पंपिंग स्टेशने आली, शुद्धीकरण केंद्रे आली. पण वीज गेली की पंप बंद आणि मैला पुन्हा नदीत. शिवाय त्या केंद्रांतली प्रक्रिया मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करणारी होती, कोलिफॉर्म मारणारी नव्हे. या त्रुटीवर सर्वांत नेमके बोट ठेवले ते वीरभद्र मिश्र यांनी. काशी हिंदू विद्यापीठात ते जलशक्ती अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि संकटमोचन मंदिराचे महंतही. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि तुळशी घाटावर पाणी तपासण्याची प्रयोगशाळा उभारली. रोज पहाटे त्याच नदीत बुडी मारायची आणि दिवसा तिचे आकडे जाहीर करायचे, असा त्यांचा क्रम होता. नदीला ‘प्रदूषित’ म्हणायला भाविकांचा विरोध असे. त्यांच्याशी ते भाविक म्हणून बोलत आणि अधिकाऱ्यांशी अभियंता म्हणून. १९९९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांची पर्यावरणातील कामासाठी निवड केली. २०१३ मध्ये ते गेले.

त्यानंतर शुद्धीकरणाची क्षमता वाढली हे नाकारता येणार नाही. दीनापूरला दिवसाला १४ कोटी लिटर पाणी शुद्ध करणारे नवे केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले, गोइठा आणि रमणा इथेही केंद्रे झाली. घाटांवरचा कचरा तर डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला आहे. तरीही यात्रेकरूने एक भूगोल मनात ठेवावा. एके काळची असी नदी, जी आता नाला झाली आहे, ती घाटांच्या रांगेच्या वरच्या टोकाला, नगव्याजवळ गंगेला मिळते. वरुणा खालच्या टोकाला. म्हणजे वरच्या नाल्यातून जे काही येईल ते साऱ्या घाटांसमोरून वाहत जाते. आणि ते लगेच नदीभर पसरत नाही. रुंद नदीत काठावर पडलेले पाणी कित्येक किलोमीटर काठ धरूनच चालते, आडवे मिसळायला त्याला वेळ लागतो. त्यामुळे घाटाच्या पायरीवरचे पाणी आणि नदीच्या मधल्या धारेचे पाणी एकच असते असे समजू नये.

नदीचा वापर आणि आजार यांचा संबंध काशीतच तपासलेला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घाटांजवळच्या कुटुंबांची पाहणी केली गेली. आधीच्या वर्षभरात पोटाचे आणि पाण्यातून पसरणारे आजार सुमारे ६६ टक्के इतक्या प्रमाणात आढळले. स्नान, कपडे धुणे, भांडी घासणे, नदीच्या पाण्याने दात घासणे यांचा आजारांशी ठळक संबंध दिसला. पटकीचे ३३ रुग्ण सापडले. सगळे नदीत स्नान करणाऱ्या किंवा कपडे धुणाऱ्या कुटुंबांतले. हॅन्किन यांच्या परीक्षानळीतले पटकीचे जिवाणू तीन तासांत मेले असतील, नदीकाठच्या घरांत मात्र ते पोहोचलेच होते. अर्थात ही माणसे तिथली रोजची आहेत. गरिबी, घरात संडास नसणे यांचाही वाटा त्या अभ्यासात नोंदला आहे. वर्षातून एकदा येऊन तीन बुड्या मारणाऱ्याचा धोका त्यांच्याएवढा नसतो. दुसरीकडे, त्या रहिवाशांच्या शरीराला काही जंतूंची ओळख झालेली असते, ती पाहुण्याला नसते.

घाटावर जाताना

मग स्नान करूच नये का? श्रद्धेने हजार किलोमीटर आलेल्या माणसाला असे सांगण्यात अर्थ नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याची गरजही नाही. निरोगी प्रौढाने तोंड मिटून, नाक धरून बुडी घेतली, पाणी गिळले नाही आणि नंतर साबणाने हात धुतले, तर धोका बराच खाली येतो. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. स्नान करून ओल्या हातांनीच घाटावर कचोरी-जिलेबी खाल्ली जाते आणि दोष कचोरीला जातो! आचमन करायचेच असेल तर सोबत आणलेल्या शुद्ध पाण्यात गंगेचे भाव धरून करावे. घरी रोज स्नान करताना नळाच्या पाण्यात आपण सात नद्यांना बोलावतोच की.

नावाड्याला सांगून पलीकडच्या वाळूकडे स्नान करण्याची प्रथा काही यात्रेकरू पाळतात. तिथे उतार सौम्य असतो आणि काठाकाठाने येणारे नाल्याचे पाणीही कमी पोहोचते. मात्र वाळूची कड अचानक ढासळू शकते, म्हणून नावाडी दाखवील तिथेच उतरावे. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस स्नान टाळलेले बरे, कारण तेव्हा गटारे ओसंडून नदीत येतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी उथळ, स्वच्छ पाण्यातले बरेच जिवाणू मरतात. पहाटेच्या अंधारातल्या स्नानाला ही मदत मिळत नाही. पहाटेच जायचे ठरले असेल तर निदान थंडीचा विचार करावा. पौष-माघातल्या पाण्यात एकदम शिरले की श्वास अडकतो, नाडी आणि रक्तदाब झटक्यात चढतात. हृदयविकार असलेल्याने आधी पाय, मग हात, मग चेहरा ओला करत हळूहळू उतरावे, नाही तर तांब्याने पाणी घ्यावे. अनवाणी चालताना भेगाळलेल्या टाचा आणि मधुमेहींच्या पायावरची न जाणवणारी जखम यांतून संसर्ग शिरतो. अशांनी पाण्यात पायच घालू नयेत. गरोदर स्त्रियांनीही स्नानाऐवजी प्रोक्षणावर समाधान मानावे. यामागचे कारण हेपटायटिस ‘ई’. पाण्यातून पसरणारी ही कावीळ इतरांत बहुधा आपोआप बरी होते, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र जिवावर बेतू शकते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाणीपुरवठ्यात नाल्याचे पाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती याच विषाणूने, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. त्या पाण्यात क्लोरीन घातलेले होते.

उरला गंगेचा गडू. मराठी घरांत यात्रेनंतर मावंदे घालतात, गंगापूजन होते आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तीर्थ पडते. तांब्याच्या गडूतले पाणी वर्षानुवर्षे ‘किडत’ नाही, हा अनुभव खोटा नाही. झाकलेल्या भांड्यात उजेड नाही, नवे अन्न नाही. गाळ तळाशी बसतो, जिवाणू उपाशी मरत जातात. तांब्याचेही काम असते : बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाब करणारे जिवाणू मरतात. पण ते प्रयोग जिवाणूंवरचे होते. काविळीच्या विषाणूंबद्दल किंवा परजीवींच्या कवचबंद अंड्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही. शिवाय हल्ली बरेचसे पाणी तांब्यात नव्हे, प्लॅस्टिकच्या डब्यांत येते. मावंद्याच्या आदल्या दिवशी हे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळून घ्यावे आणि मग भांड्यात ओतावे. तान्ह्या बाळाच्या तोंडात आणि केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या हातावर ते उकळल्याशिवाय कदापि देऊ नये.

यात्रेहून परतल्यावर दोन दिवसांत जुलाब झाले तर सगळ्यांना संशय येतोच. जलसंजीवनी घेतली की त्यांतले बहुतेक सावरतात. फसगत होते ती उशिरा दिसणाऱ्या आजारांत. विषमज्वर एक ते चार आठवड्यांनी डोके वर काढतो, हेपटायटिस ‘ए’ साधारण महिन्याने, ‘ई’ दोन ते दहा आठवड्यांनी. तोवर मावंदे होऊन गेलेले असते, फोटो पाहून झालेले असतात आणि ताप आलेल्या माणसाला काशी आठवतही नाही. डॉक्टर विचारतात, ‘बाहेरचे काही खाल्ले का?’ त्याला उत्तर ‘नाही’ असेच येते. ताप उतरत नसेल, भूक मेली असेल, लघवी गडद पिवळी होत असेल, तर गेल्या अडीच महिन्यांत कुठल्या नदीत बुडी घेतली, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावे.